सायकल क्लबच्या बातम्या, आणि रविवारच्या राइडबद्दल एक प्रश्न

मागचं चाक
सोमवार, सकाळी

मंडळी, बऱ्याच दिवसांत क्लबबद्दल सविस्तर लिहिलं गेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी टाकलेली गोष्ट दुपारपर्यंत वर सरकून दिसेनाशी होते, म्हणून इथे धागा काढतेय. आधी बातम्या, मग एक विषय आहे ज्यावर सगळ्यांचं मत हवंय.

पहिली बातमी आनंदाची. कॉलरबोन मोडलेले आपले काका आता बरे आहेत. हात झोळीतून निघालाय, घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) हलक्या गिअरमध्ये पायडल मारायला डॉक्टरांनी हो म्हटलंय. रस्त्यावर यायला मात्र वेळ आहे आणि त्यासाठी त्यांना कोणीही घाई करू नये. भेटायला जाणाऱ्यांनी सायकलचाच विषय काढावा, तब्येतीची चौकशी ऐकून ते कंटाळलेत असं काकूंनीच सांगितलंय.

दुसरी, 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नाव दिलंय आणि त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्यांदाच करणार आहेत. तिसरी, बुधवारची दुरुस्तीची संध्याकाळ पुन्हा सुरू झाली आहे. आणि चौथी: दोन सदस्यांनी आपल्या जुन्या सायकली क्लबला कायमच्या देऊन टाकल्या. एक मध्यम मापाची, एक लहान. ज्यांना सायकल घ्यायची की नाही हे अजून ठरवायचंय, त्यांनी महिनाभर या चालवून बघाव्यात. या दोघांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

आता मुद्दा.

हल्ली रविवारची राइड निघते एकत्र, पण अर्ध्या तासात तिचे दोन तुकडे होतात आणि तासाभरात चार. परवा मी शेवटी होते. एकाचं मागचं टायर बसलं म्हणून त्याच्याबरोबर थांबले. तेवढ्या वेळात आमच्या थोडं पुढे असलेली एक नवी सदस्य फाट्यावर पोचली. तिथे कोणीच नव्हतं. रस्ता कुठला घ्यायचा हे तिला माहीत नव्हतं, पुढच्यांचे फोन जर्सीच्या खिशात वाजत राहिले. बराच वेळ उभी राहून ती घरी परतली. आम्ही पंक्चर काढून फाट्यावर आलो तोवर ती गेली होती. पुढची मंडळी थांबायच्या ठिकाणी पोचल्यावर कोणीतरी डोकी मोजली तेव्हा कुठे लक्षात आलं.

कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण आपल्या क्लबात पहिल्या दिवसापासून एक नियम होता: कोणालाही मागे सोडायचं नाही. तो कागदावर कधी लिहिला नाही कारण लिहायची गरजच पडली नाही. आता पडली आहे असं माझं मत आहे.

मागे पडणाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. म्हणजे ताशी 25 किलोमीटरच्या वेगावरून 30 वर जाताना फक्त हवेशी झगडायला जवळजवळ पावणेदोन पट ताकद लागते. दुसऱ्याच्या चाकामागे नीट बसलं तर साधारण पाव ते एकतृतीयांश कष्ट वाचतात. आता चढावर एखादीची चाकापासून दहा मीटरची फट पडली. त्या क्षणी तिचा आडोसा गेला. पुढचे आडोशात आरामात तीसने चाललेत, आणि जी आधीच दमली आहे तिला ती दहा मीटर भरून काढायला तीसपेक्षा जास्त वेग एकटीने वाऱ्यात काढायचाय. ते होत नाही. दहाचे पन्नास होतात, पन्नासचे पाचशे. सगळ्यात कमी दम असलेला माणूस सगळ्यात जास्त कष्ट करत असतो, आणि पुढून बघणाऱ्याला वाटतं की तो हळू चालवतोय.

ही फट पडते तेव्हा पुढच्याने फक्त दोन-तीनने वेग उतरवला तर ती अर्ध्या मिनिटात भरते. सगळा प्रश्न त्या अर्ध्या मिनिटाचा आहे.

माझी सूचना अशी. निघण्याआधी वेग जाहीर करायचा आणि तो पाळायचा. एक जण पुढे, एक जण शेवटी, दोघांची नावं आदल्या रात्री ठरलेली. रस्त्याची जीपीएक्स फाइल (फोनवर रस्ता दाखवणारी) सगळ्यांकडे. प्रत्येक वळणावर शेवटचा माणूस दिसेपर्यंत कोणीतरी उभं राहायचं. बोला.


गिअरबाज
सोमवार, दुपारी

ताई, परवा मी पुढच्या गटात होतो. जे झालं ते व्हायला नको होतं, त्यात दुमत नाही. पण दुसरी बाजूही मांडतो.

मला आठवड्यात एकच सकाळ मोकळी मिळते. त्या सकाळी मला जोरात चालवायचं असतं. फिरत्या क्रमाने पुढे येणं, वारा घेणं, मागे सरकणं, बाजूचा वारा असेल तर तिरकी रांग धरणं, हे एकट्याने शिकता येत नाही. त्याला पाच-सहा जण सारख्या दमाचे लागतात. आइंडहोवनच्या विद्यापीठात बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला होता. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला बसलेल्याला एकट्या स्वाराच्या तुलनेत जेमतेम 5 ते 10 टक्के हवेचा विरोध सहन करावा लागतो असं त्यात दिसलं. घोळक्यात चालवणं ही वेगळीच विद्या आहे आणि ती मला शिकायची आहे. त्यात गैर काय?

वेगवान राइड बंद करून सगळ्यांना एकाच वेगात बांधलं तर आम्ही सहा-सात जण दुसरीकडे जाऊ. धमकी म्हणून म्हणत नाही, तसं होताना आधी पाहिलंय. एका जुन्या गटात नेमकं हेच झालं. आधी वेगवान लोक गेले, त्यांच्यामागून शिकायला मिळत नाही म्हणून मधले गेले, आणि राइडच बंद पडली.

माझं म्हणणं, दोन राइड जाहीर करा. एक वेगाची, जिथे येणाऱ्याने आपलं आपण बघायचं. एक सगळ्यांची.


उतारावरचा
सोमवार, दुपारी

दोन राइडना अनुमोदन. आज जे चाललंय ते दोन्हीच्या मधलं आहे आणि तेच घातक आहे. जाहीर होते सगळ्यांची, चालते वेगाची.


पहिला गिअर
सोमवार, रात्री

फाट्यावरून परतलेली मीच.

लिहू की नको असं दिवसभर वाटत होतं. माझा कोणावर राग नाही, आणि माझ्यामुळे कोणाची राइड हळू व्हावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. मी हळू चालवते हे मला माहीत आहे. वेग वाढेल तेव्हा वाढेल.

पण त्या फाट्यावर मला काय वाटलं ते सांगते. पुढचे दिसेनासे झाले तेव्हा काही वाटलं नव्हतं. म्हटलं, आपण आपल्या चालीने जाऊ, पुढे कोणीतरी उभं असेलच. तिथे पोचले आणि दोन्हीकडे मोकळा रस्ता. कोणी थांबलेलं नाही म्हणजे मी मागे आहे हे कोणाला आठवतच नाहीये, हे तेव्हा कळलं. वेगाचं दुःख नव्हतं, त्याचं होतं. तिथे एक जण उभा असता आणि नुसतं "डावीकडे, चालू ठेव" म्हणून पुन्हा निघून गेला असता तरी मी पूर्ण अंतर एकटीने आनंदाने केलं असतं.

अजून एक. मला हातवारे माहीत नव्हते. पुढच्याने पाठीमागे हात नेऊन हलवला की बाजूला अडथळा आहे, तळवा खाली करून दाखवला की वेग उतरतोय, जमिनीकडे बोट म्हणजे खड्डा. हे मला तिसऱ्या-चौथ्या राइडला अंदाजाने समजलं. निघण्याआधी पाच मिनिटं नव्या लोकांना हे सांगितलं तर बरं होईल. विचारायला संकोच वाटतो, कारण बाकी सगळ्यांना सगळं माहीत असल्यासारखं दिसतं.

आणि हो, मी परत येणार आहे.


मागचं चाक
सोमवार, रात्री

तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. पुढच्या रविवारी तू माझ्या अगदी पुढे राहा, मी शेवटी आहेच.


दोनशेपार
मंगळवार, सकाळी

वेगाचा विषय निघालाच आहे तर ब्रेव्हेला जाणाऱ्यांसाठी थोडं लिहितो, कारण पहिल्यांदा जाणारे मला एकच प्रश्न विचारतायत: माझा वेग पुरेल का?

पुरेल. 200 किलोमीटरला साडेतेरा तास असतात. 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. थांबे धरून सरासरी ताशी 15 च्या आसपास येते. तुम्ही चालत्या सायकलवर 20 चा वेग धरलात तर दहा तासांत अंतर संपतं आणि साडेतीन तास हातात उरतात. आपल्या रविवारच्या गटात अगदी शेवटी चालवणाऱ्यांचाही वेग याच्या आसपास आहे. वेळ जातो तो थांब्यांवर. सायकल टेकवली, बाटली भरली, कोणी ओळखीचं भेटलं, बुटाची पट्टी सैल केली, की वीस मिनिटं कुठे गेली कळत नाही. प्रत्येक कंट्रोलवर (वाटेतला नोंदीचा थांबा) शिरण्याआधीच ठरवा काय करायचं: कार्डावर शिक्का, पाणी, खाणं, आणि बाहेर.

ब्रेव्हे ही शर्यत नाही. पॅरिसच्या ओदॅक्स क्लबाच्या नियमांनी चालणाऱ्या या राइडमध्ये क्रमांक लावले जात नाहीत. साडेसात तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी आलेला, दोघांची नोंद सारखीच. उलट फार लवकर पोचलात तर कंट्रोल उघडलेलाच नसतो. मागून गाडी घेऊन कोणी मदतीला यायचं नाही, मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर. एकमेकांना रस्त्यात मदत करायला मात्र पूर्ण मुभा आहे, आणि लोक करतात. अनोळखी माणसाला आपली शेवटची ट्यूब देऊन पुढे निघालेले लोक मी पाहिलेत.

या प्रकाराची पाळंमुळं जुनी आहेत. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही राइड 1891 मध्ये पहिल्यांदा झाली ती शर्यत म्हणून. शार्ल तेरोंने ती 71 तास 22 मिनिटांत जिंकली. 1931 पासून तिच्यात हौशी सायकलस्वारांना वेगळी जागा मिळाली, पुढे शर्यत बंद पडली, आणि हौशींची राइड आजही दर चार वर्षांनी होते. बाराशे किलोमीटर, 90 तास. 2023 मध्ये झाली, पुढची 2027 मध्ये. व्यावसायिकांची शर्यत संपली आणि नोकरी-घर सांभाळून सायकल चालवणाऱ्यांची टिकली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

फ्रान्समध्ये पोल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होऊन गेले, 1853 ते 1930. व्हेलोसिओ या नावाने लिहायचे. लांब पल्ल्यासाठी त्यांनी सांगितलेल्या गोष्टींत आजही काही बदलावं लागत नाही. थांबे कमी आणि छोटे. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. सुरुवातीच्या तासांत अंगात जोर वाटतो तेव्हाच हात राखून चालवा. आणि दिमाख दाखवण्यासाठी पायडल मारू नका. पहिल्या ब्रेव्हेत लोक पहिल्या पन्नास किलोमीटरमध्येच राइड घालवतात, ती या शेवटच्या दोन कारणांनी.

खाण्याचं म्हणाल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, त्यावरून हिशेब करा. नुसतं पाणी ढोसत राहू नका, त्यात मीठ-साखर असू द्या. दिवस मावळल्यावर लागणारे पुढचे-मागचे दिवे सायकलला घट्ट बसवलेले हवेत आणि चमकणारा जॅकेट अंगावर. यात तडजोड नाही.


दुसरी बाटली
मंगळवार, दुपारी

दोनशेपार दादा, फार उपयोगी. एक शंका. 100 किलोमीटरपुढे मला बसायला त्रास होतो. सीट बदलू का? सगळे वेगवेगळी सीट सुचवतात.


दोनशेपार
मंगळवार, दुपारी

आधी सीट बदलू नका. उंची तपासा. सायकल भिंतीला टेकवून बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलत राहते आणि घासलं जातं. शिवाय पॅडच्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी काही क्षण उभं राहून पायडल मारा. एवढं करून त्रास राहिला तर सीटचा विचार. ब्रेव्हेच्या आदल्या आठवड्यात नवीन काहीही करू नका, सीट नको, बूट नको, क्लीटची (बुटाखाली पायडलमध्ये अडकणारी पट्टी) जागाही हलवू नका.


तेलकट हात
मंगळवार, संध्याकाळी

बुधवारच्या संध्याकाळबद्दल विचारणा होतेय म्हणून लिहितो.

या बुधवारी फक्त दोन विषय: पंक्चर आणि चेन. ब्रेव्हेला जाणाऱ्या प्रत्येकाने यावं आणि स्वतःच्या हाताने मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून दाखवावं. पुढचं सगळ्यांना जमतं, घोळ मागच्याला होतो. चाक काढण्याआधी चेन सगळ्यात छोट्या दातेरी चक्रावर आणा, म्हणजे निघतानाही सोपं आणि बसवतानाही.

ट्यूब बदलताना बहुतेक लोक एक पायरी गाळतात. जुनी ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर. कारण काटा टायरमध्येच असतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश, पूर्ण चक्कर. हातमोजा काढून, कारण बारीक तार मोज्यातून जाणवत नाही. जुन्या ट्यूबला थोडी हवा भरून भोक कुठे आहे ते शोधा आणि व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये बघा, काटा तिथेच सापडतो. दोन भोकं शेजारी-शेजारी दिसली तर काटा नाहीच. हवा कमी असताना खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटली गेली आहे.

चेनचं म्हणाल तर ती ताणली जाते असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात पिना झिजतात आणि सांध्यांत मोकळीक येते. पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये 304.8 मिलिमीटर भरतात. 306.3 च्या पुढे गेली म्हणजे अर्धा टक्का झीज झाली. अकरा-बारा गिअरवाल्यांनी तिथेच बदलावी, आठ ते दहावाले 307 पर्यंत थांबू शकतात. त्याहून जास्त ओढलीत तर चेनबरोबर मागची कॅसेटही (मागच्या दातेरी चक्रांचा संच) जाते आणि खर्च कितीतरी वाढतो. तेल प्रत्येक कडीच्या सांध्यावर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसा. काम आतल्या तेलाचं आहे, बाहेरचं फक्त धूळ धरतं.

क्लबच्या त्या दोन सायकली मी तपासल्या आहेत. लहान मापाचीचे ब्रेक पॅड बदलले, केबल नव्या घातल्या. डावं पायडल काढायला कोणीतरी जोर लावून उलट घट्ट केलेलं होतं, सोडवताना दमलो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, कृपया लक्षात ठेवा.


पहाटवारा
बुधवार, सकाळी

मूळ मुद्द्याकडे येते. कोणालाही मागे सोडायचं नाही याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण मागे पडण्याआधीच जे येत नाहीत त्यांचाही विचार करू या.

आपल्याकडे बायकांची संख्या कमी का, यावर दर वार्षिक सभेत बोलणं होतं. कारणं फार गूढ नाहीत. राइड अंधारात सुरू होते, आणि जमायच्या ठिकाणापर्यंतचं अंतर प्रत्येकीला अंधारात एकटीने यायचं असतं. थांबा ठरवताना स्वच्छतागृह आहे का हे कोणी बघत नाही. पुरुषांना त्याचं काही वाटत नाही, आम्ही मात्र तासनतास कमी पाणी पिऊन चालवतो. दोनशेपार दादा म्हणतात तहान लागण्याआधी प्या. कसं प्यायचं? चढावर दम तुटायला हेही एक कारण असतं, नुसती ताकद नाही.

सायकलच्या जगाने बायकांना जागा द्यायला फार वेळ लावला आहे. 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये सायकलिंग होतं. बायकांची पहिली ऑलिंपिक सायकल शर्यत झाली 1984 मध्ये. मधे अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली. आणि जमत नव्हतं म्हणावं तर 1924 मध्येच आल्फोन्सिना स्त्रादा इटलीची जिरो शर्यत पुरुषांबरोबर चालवून गेली होती.

मागणी साधी आहे. महिन्यातून निदान दोन राइड उजाडल्यावर सुरू करा. रस्ता आखताना दर दीड तासाला स्वच्छतागृह असलेला थांबा धरा. जीपीएक्समध्ये तो खुणेने दाखवा. हे मी स्वतः करून द्यायला तयार आहे.


दोनशेपार
बुधवार, सकाळी

पहाटवारा ताई, हे ब्रेव्हेच्या रस्त्यासाठीही करून द्याल का? कंट्रोलच्या मधले थांबे आपल्या लोकांना आधीच माहीत असलेले बरे.


पहाटवारा
बुधवार, दुपारी

शुक्रवारपर्यंत देते.


उतारावरचा
बुधवार, रात्री

एक छोटी गोष्ट. राइडनंतर ग्रुपवर स्ट्राव्हाचे (राइडची नोंद ठेवणारं अ‍ॅप) फोटो पडतात, कोणाचा सरासरी वेग किती, कोणी कुठला सेगमेंट (वेळ मोजला जाणारा रस्त्याचा ठरावीक तुकडा) मारला. ज्याने पहिल्यांदा 40 किलोमीटर पूर्ण केले तो ते बघून आपली राइड टाकतच नाही. वेगवाल्यांनी एकमेकांना जरूर दाखवावं, पण क्लबच्या ग्रुपवर रस्ता, फोटो आणि कोणी पहिल्यांदा काय केलं एवढंच यावं असं मला वाटतं.


गिअरबाज
बुधवार, रात्री

सेगमेंटच्या आकड्यांनी मला स्वतःला खूप हुरूप येतो, त्यामुळे ते वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. वेगवाल्यांचा वेगळा ग्रुप काढतो, तिकडे टाकू. एवढं मान्य.


काका (घरून)
गुरुवार, सकाळी

एका हाताने टाइप करतोय म्हणून थोडक्यात.

माझं पडणं ज्या कारणाने झालं ते या चर्चेशी जोडलेलं आहे म्हणून लिहितो. आम्ही आठ जण रांगेत होतो. पहिल्याने खड्डा दाखवला, दुसऱ्याने दाखवला, मधे कुठेतरी खूण तुटली. माझ्यापर्यंत आली नाही. चाकामागे बसलेल्याला रस्ता दिसत नाही, त्याचे डोळे म्हणजे पुढचा माणूस. खूण पुढून मागे पोचवणं हे शेवटून दुसऱ्याचंही तेवढंच काम आहे. वेगवान गट असो की सावकाश, यात फरक नाही. वेगवान गटात जास्तच जपायचं, कारण विचार करायला वेळ कमी.

डोकं वाचलं ते हेल्मेटने. बाहेरून ओरखडा दिसतो, पण आतलं फोम उजव्या बाजूला आरपार चिरलंय. असं हेल्मेट एकदा आपटलं की टाकून द्यायचं, वरून चांगलं दिसलं तरी. व्यावसायिक शर्यतींतसुद्धा 2003 पर्यंत हेल्मेटची सक्ती नव्हती. त्या वर्षी पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा सायकलपटू पडून मरण पावला, त्यानंतर नियम आला. आपल्या राइडला हेल्मेटशिवाय कोणी आलं तर नम्रपणे घरी पाठवा. माझ्याकडे एक जादा नवं आहे, ते क्लबच्या सायकलींबरोबर ठेवा.

आणि त्या फाट्यावर परतलेल्या मुलीला सांगा, मी रस्त्यावर येईन तेव्हा तिच्याहून हळू असणार आहे. मला सोबत लागेल.


पहिला गिअर
गुरुवार, सकाळी

काका, नक्की.


गिअरबाज
गुरुवार, दुपारी

काकांचं वाचून थोडा विचार केला.

माझा प्रस्ताव बदलतो. महिन्यात पहिला आणि तिसरा रविवार सगळ्यांचा. त्या दिवशी आम्ही वेगवाले नुसते येणार नाही, पुढचं आणि शेवटचं काम आळीपाळीने घेऊ. खरं तर वारा घ्यायला आमच्यासारखेच लागतात. आमच्यातले दोघं पुढे राहून तासभर समान वेग धरतील तर मागच्या सगळ्यांना आडोसा मिळेल, आणि अचूक 24 वर सायकल धरून ठेवणं हा आमच्यासाठीही सराव आहे, वाटतं तेवढं सोपं नसतं. चढाच्या पायथ्याशी मोकळीक द्यायची, ज्याला जसा जमेल तसा चढ चढावा, माथ्यावर सगळे जमेपर्यंत थांबायचं. बाकीचे रविवार दोन गट, आधी जाहीर करून. वेगाच्या गटात मागे पडलं तर थांबणार नाही हे स्पष्ट लिहू, पण रस्त्याची फाइल आणि एक फोन नंबर प्रत्येकाकडे असेल.


घाटवेडा
गुरुवार, रात्री

मी असहमत आहे आणि ते नोंदवतो. महिन्यातले दोन रविवार 24 च्या वेगात घालवणं मला जमणार नाही. मी शनिवारी वेगळी राइड काढेन. कोणावर रुसून नव्हे. वळणावर थांबण्याचा नियम माझ्या राइडलाही पाळेन, तेवढं फाट्याचं मला पटलंय.


मागचं चाक
शुक्रवार, सकाळी

घाटवेडा, शनिवारची राइडही क्लबचीच म्हणून जाहीर करा, काही हरकत नाही. ज्यांना शनिवार सोयीचा आहे असे दोघं-तिघं मला माहीत आहेत.

बाकीच्यांचं साधारण जुळलंय असं समजून या रविवारचं लिहिते. राइड सगळ्यांची, 60 किलोमीटर, सपाट, शेवटी एक छोटा चढ. वेग 22 ते 24. सुरुवात उजाडल्यावर. निघण्याआधी दहा मिनिटं हातवाऱ्यांची उजळणी, ती पहिला गिअर घेईल. नुकतं शिकलेल्याला काय कळत नाही ते तिलाच जास्त माहीत आहे. पुढे गिअरबाज आणि उतारावरचा, शेवटी मी. वळणांवर थांबणाऱ्यांची नावं रात्री ग्रुपवर टाकते. फाइल पहाटवाराने दिली आहे, थांबे खुणेसकट.

दोन गोष्टी अजून लागतील. ब्रेव्हेला जाणाऱ्या चौघांकडे मागचा दिवा नाही, कोणाकडे जादा असेल तर रविवारी घेऊन या. आणि शेवटून चालवायला माझ्याखेरीज आणखी तीन-चार जण हवेत, म्हणजे आळीपाळी करता येईल. नावं इथेच द्या.


दुसरी बाटली
शुक्रवार, सकाळी

माझ्याकडे दोन दिवे आहेत, चार्ज करून आणते. पुढच्या महिन्यापासून शेवटी चालवायलाही माझं नाव घ्या. पंक्चर काढायला बुधवारी शिकले.


तेलकट हात
शुक्रवार, दुपारी

माझंही घ्या. पंप आणि जादा ट्यूबा माझ्या पिशवीत असतातच, फक्त 700 च्या आणि 26 च्या (चाकाची मापं) दोन्ही ठेवतो आता. लहान मापाच्या सायकलला 26 लागते.